अष्टशील आणि कोरीव दार

पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. त्यातलं सातवं शील नाच, गाणं, खेळतमाशे पाहण्यापासून आणि माळा, गंध, दागिने यांपासून दूर राहायला सांगतं. त्याच दिवशी मी देवळाली कॅम्पातून वडनेर-पाथर्डी रस्त्यानं नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे जाते. वंदना झाली की पिशवीतली रोजनिशी काढून कोरीव कामासमोर बसते. हे शीलाला धरून आहे का, याचा मी फार विचार केला आहे.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड आकृती जमिनीतून वर आल्यासारख्या दिसतात. सगळ्या लेण्याच्या तुळया त्यांच्या खांद्यांवर आहेत. वहीत मी त्यांना ‘सुंदर’ म्हणत नाही. त्या शब्दातून माझंच मन कळतं, दगडाचं काही कळत नाही. खांदा किती रुंद आहे, चेहरा कुठे झिजलाय, ऊन कुठवर आलंय, एवढंच लिहिते. लिहिता लिहिता ध्यानात येतं, की आधी सुखाची वेदना, म्हणजे जाणीव, उठते आणि तिच्या पाठोपाठ ते सुख धरून ठेवायची ओढ. तीही लिहिते. इगतपुरीला धम्मगिरीच्या विपश्यना शिबिरात लिहिण्या-वाचण्याला मनाई असते आणि तिथे ते योग्यच आहे. पण घरसंसारात माझी ओढ मला कागदावर उतरली तरच दिसते.

या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी तिनं हे लेणं भदायनीय पंथाच्या भिक्खूंना दान दिलं. लेखात मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम भरभरून सांगितलाय. मला मात्र तिच्याबद्दलचं वर्णन थांबवतं: तप, नियम, उपवास यांत मन लावणारी बाई. अशा बाईनं दिलेल्या लेण्याचं दार माथ्यापासून उंबऱ्यापर्यंत नक्षीनं भरलेलं आहे! संयम आणि शिल्प तिला एकमेकांचे वैरी वाटले नसावेत. ज्या हातांनी ते दार घडवलं, त्यांचं नाव लेखात नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला अस्पृश्य म्हणून देवळातली मूर्ती पाहायचीच बंदी होती. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच नाशकात. त्या माणसांची नात डोळे भरून शिल्प पाहते, तेव्हा त्याला मी करमणूक म्हणू शकत नाही. शील मला तमाशात वाहून जाण्यापासून अडवतं, जागेपणी पाहण्यापासून नाही, असं माझं मत झालंय.

तरी पौर्णिमेला एक पथ्य पाळते. दारावरचे हार, कंकणं, वेलबुट्टी त्या दिवशी वहीत उतरवत नाही. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा जाते.