संघ कोणाचा?

आमच्या पिंपळनेरात पोरे खेळतात ती कबड्डी, नाहीतर पांझरेच्या काठी क्रिकेट. फुटबॉल आमच्या घरात शिरला तो पुतण्याबरोबर. मुंबईला नोकरी करताना तो महिंद्रा युनायटेड या संघाच्या नादी लागला. दिवाळीला गावी आला की चकल्या-अनारशांपेक्षा त्याच गप्पांवर त्याचा हात अधिक चाले. २०१० च्या दिवाळीत मात्र तो गप्प होता. कारण विचारले, तर म्हणाला, "काका, आमचा संघ बंद झाला."

'आमचा' हा शब्द मला खटकला. संघ कंपनीचा. तिने तो १९६२ साली उभा केला. पुढे तो पगारी, व्यावसायिक खेळाडूंचा झाला. डेरिक परेरा हे प्रशिक्षक गोव्याचे, होजे बारेटो ब्राझीलचा, स्टीव्हन डायस मुंबईचा. अशा नाना ठिकाणच्या माणसांनी मिळून २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली हंगाम संपताच कंपनीने संघ मोडला. पैसा तिचा, नावही तिचेच. मग माझ्या पुतण्याचे काय गेले?

हा प्रश्न मनात घोळत असता मला आमचे भजनी मंडळ आठवले. आजोबांच्या वेळचा एकही आवाज आज त्यात उरलेला नाही. विणेकरी गेले, टाळकरी बदलले, पखवाजाला कितीदा नव्या पुड्या चढल्या. तरी आम्ही म्हणतो, मंडळ तेच. संघाचेही तसेच. खेळाडू येतात, जातात; बारेटो आला तसा गेलाही. टिकून राहते ती जिवाला लावून घेणाऱ्यांची आठवण. तेव्हा 'आमचा' म्हणणारा पुतण्या अगदीच खोटे बोलत नव्हता.

मग कंपनीने अन्याय केला का? तसेही मला म्हणवत नाही. अठ्ठेचाळीस वर्षे अन्नछत्र चालवणाऱ्याने एके दिवशी चूल विझवली, तर जेवून उठलेल्यांनी त्याला चोर म्हणावे काय? मी पुतण्याला विचारले, "मग तुम्ही लोकांनी काय केले?" तो म्हणाला, "आम्ही काय करणार, काका? आम्ही नुसते बघणारे."

पुढे केव्हातरी लंडनच्या विम्बल्डन क्लबाची हकीकत माझ्या वाचनात आली. हा क्लब १८८९ चा. २००२ साली तो मिल्टन कीन्स नावाच्या दूरच्या शहरी हलवण्याची मालकांना परवानगी मिळाली. चाहत्यांनी नुसते हळहळून न राहता त्याच वर्षी आपला नवा क्लब काढला. खेळाडू निवडायला गावच्या माळरानावर चाचणी घेतली आणि पार खालच्या, नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ साली तो क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोचला. २०२० साली आपल्या जुन्या मैदानाशेजारी, स्वतःच्या मैदानावर परतला.

ते वाचले आणि मला वाटले, प्रेम आणि मालकी यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट असते. तिचे नाव भार. जो भार उचलतो त्याच्या 'आमचा' म्हणण्याला वजन येते. नुसते प्रेम करणारा पाहुणा असतो. यजमानाने दार लावले की त्याला रस्त्यावर उभे राहावे लागते.

हे सारे मी पुतण्याला लिहून कळवणार होतो. पत्र लिहायला बसलो आणि लेखणी थांबली. भजनी मंडळाची वर्गणी मी तीन वर्षे दिली नव्हती. एक शेठजी तूट भरून काढीत. त्यामुळे कोणी मागत नसे आणि मीही विसरण्यात सुख मानीत होतो. उद्या शेठजींनी हात आखडता घेतला असता, तर 'आमचे मंडळ बुडाले' म्हणून सर्वांत मोठ्याने मीच ओरडलो असतो!

गेल्या पाडव्याला पैसे घेऊन मी त्यांच्या पेढीवर गेलो. वहीपूजन नुकतेच आटोपले होते. शेठजी हसले. म्हणाले, "अहो गुरुजी, एवढी घाई कशाला? मी भरतोच आहे की!"

"म्हणून तर आलो," मी म्हणालो, आणि वहीत माझे नाव लिहायला लावले.