लस, पुरावा आणि हाफकिन

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. पण वाल्डेमार हाफकिन यांची ओळख ‘प्लेगची लस शोधणारे’ इथेच संपते. लस खरोखर तारते का, हे माणसांच्या वस्तीत जाऊन तपासण्याची शिस्त त्यांनी घातली. ते काम लशीइतकंच मोलाचं आहे.

१८६० साली ओडेसात, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली ते शिकले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पद मिळालं असतं, पण त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातली नोकरी सांभाळत त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम केलं आणि १८ जुलै १८९२ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये, एकाच वस्तीतल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची त्यांनी तुलना केली.

१८९६ च्या ऑक्टोबरात ते प्लेगग्रस्त मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत, मूठभर मदतनिसांसह काम सुरू झालं. जंतू वाढवण्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस वापरला, म्हणजे हिंदू वा मुसलमान कुणाचीच अडचण होऊ नये. वर तुपाचे थेंब तरंगत आणि त्यांच्या आधाराने जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःवर घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. बंदिवासातली स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न आज विचारायलाच हवा.

त्याच वर्षी पुण्यात सोजीर घरांत शिरत होते, माणसांना छावण्यांत नेत होते. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रोग हटवायला सरकारने धाक वापरला. हाफकिन यांचा भर समजावण्यावर आणि मोजण्यावर होता.

या मोजण्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण १८९८ मधलं, बडोद्याजवळच्या उंधेरा गावचं. तिथे कुटुंबागणिक साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. छप्पर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. इतका चोख पुरावा त्या काळी दुर्मीळ होता. त्याची किंमत मात्र त्या २६ जणांनी मोजली, हेही विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. तरीही दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा ते दोषमुक्त झाले. पण परतीची नेमणूक मुंबईला नव्हे, कलकत्त्याला झाली. ज्या सरकारच्या दप्तरी उंधेऱ्याचे आकडे होते, त्याने या माणसाचा निवाडा करताना तेवढ्याच काटेकोरपणे एक बाटली तपासली असती, तर परळची ती वर्षं वाया गेली नसती.