वारस नोंद आधी, विक्री नंतर

चि. अनिकेत,


दाजींचं तेरावं होऊन आठवडा झाला नाही तोच शेताला गिऱ्हाईक आल्याचं तू फोनवर सांगितलंस. ताई हक्कसोड द्यायला तयार आहे, असंही म्हणालास. शेत विकायला माझी हरकत नाही. तुम्ही दोघंही शहरात, कसणार कोण? पण इसार घेऊ नकोस. घाईत केलेल्या कागदांपायी सख्खी भावंडं कोर्टात उभी राहिलेली मी महसूल खात्यातल्या नोकरीत फार पाहिली.

आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज दे. तीन महिन्यांच्या आत कळवावं, असं कायदा सांगतो. नोंद आधी गाव नमुना 6-क ला होते, मग फेरफार पडतो, नोटिसा निघतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतो.

खरी गोम प्रतिज्ञापत्रात आहे. शेत दाजींनी स्वतः विकत घेतलेलं, मृत्युपत्र नाही. म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा सारखा वाटा: तुझी आई, तू, ताई आणि आजी. होय, आजीसुद्धा. मुलगा गेला की त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते, आणि अर्ज लिहिताना नेमकं तिचंच नाव राहून जातं. ताईचं नावही कब्जेदार सदरीच लागलं पाहिजे. बहिणींची नावं ‘इतर हक्कां’त सरकवायची जुनी खोड अनेक गावांत होती, त्या अन्यायाला आपल्या घरात जागा नको. त्याच ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे का, तेही बघ. असेल तर फेडून तो कमी करून घे.

आता हक्कसोड. ते दुय्यम निबंधकासमोर नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार अवघड. बाप गेल्यावर मुलगी ‘मला काही नको’ म्हणते, ते बहुतेक वेळा माहेर तुटू नये म्हणून. तिच्या त्या भीतीवर आपण सही घ्यायची नाही. खरेदीखतावर चौघांनी सह्या कराव्यात आणि पैसे चौघांच्या चार खात्यांत जावेत. पुढे ताईला तिच्या पैशातून तुला काही द्यावंसं वाटलं, तर ती देईल. ते तिचं देणं असेल. चौघांपैकी कुणाला शेत ठेवायचं असेल, तर बाहेरच्या गिऱ्हाइकाआधी त्याला विचार. वारसा कायद्याच्या कलम 22 नेही वारसांना तो अग्रहक्क दिला आहे.

गिऱ्हाइकाला फेरफार मंजूर होईपर्यंत थांबायला सांग. थांबत नसेल, तर जाऊ दे त्याला. आणि हे पत्र आजच ताईला वाचून दाखव.

तुझा,
मामा