बरं झालेल्याचं देणं

आजारातून उठलेल्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं, ही ओढ फार जुनी आहे. आपल्याकडे ती नवसाच्या रूपात दिसते. पोर दुखण्यातून वाचलं की देवीची ओटी भरायची, जेजुरीला जाऊन यायचं, चार माणसांना जेवू घालायचं. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयसुद्धा अशाच नवसातून उभं राहिलं, असं तिथली परंपरा सांगते. पहिल्या हेन्री राजाच्या दरबारातला राहेर रोमच्या यात्रेत आजारी पडला. वाचलो तर गरिबांसाठी रुग्णालय बांधीन, असं तो बोलला आणि ११२३ मध्ये त्याने तो शब्द पाळला. ते रुग्णालय आजही चालू आहे. राहेरच्या नवसाचं फळ पुढे कोणाकोणाला मिळालं, ते त्याला कधी कळणार नव्हतं. आपल्यामागून आजारी पडणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्याने सोय करून ठेवली. या लेखात ज्या विचाराचा माग काढायचा आहे, त्याचं बीज मला तिथे दिसतं.

पुढे मात्र हा विचार सरळ वाढला नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधली बरीचशी रुग्णालयं धनिकांच्या वर्गणीवर चालत. वर्गणीदाराला शिफारसपत्र देण्याचा अधिकार असे आणि गरीब रुग्णाला दाखल व्हायचं तर बहुतेक ठिकाणी असं पत्र मिळवावं लागे. बरं होऊन घरी जाताना त्याने आश्रयदात्यांचे आभार मानावेत, अशी पुष्कळ ठिकाणी रीतच होती. म्हणजे देणारा एका वर्गातला आणि घेणारा दुसऱ्या. घेणाऱ्याची कृतज्ञता ही जवळजवळ सक्तीची. ज्याला हात जोडून उभं राहायचं शिकवलं, त्याला उद्या आपणही देणारे होऊ शकतो असं वाटणार कसं?

याच काळातल्या काही देणग्यांच्या मुळाशी दुःख होतं. बॅरन फर्डिनंड रोथशिल्डची पत्नी एव्हेलिना १८६६ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा त्याने तिच्या नावाने १८६९ मध्ये लंडनमध्ये लहान मुलांचं रुग्णालय काढलं. आपल्या मुंबईतही तसंच घडलं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांच्या मनात तेव्हा जे सुरू झालं, त्यातून पुढे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं आणि १९४१ मध्ये ते सुरू झालं. या माणसांचं दुःख खरं होतं आणि त्यांचं दानही मोठं. तरीही देणारे होते मागे राहिलेले, श्रीमंत नातलग. खाटेवरच्या रुग्णाचा हात अजून घेणाराच होता.

त्या हाताची जागा बदलली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि माझ्या मते त्यात सर्वांत मोठा वाटा कॅनडातल्या एका मुलाचा आहे. टेरी फॉक्स १८ वर्षांचा असताना, १९७७ मध्ये, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. पुढे सोळा महिने केमोथेरपी चालली. त्या काळात वॉर्डात त्याने आपल्याहून लहान मुलांना तडफडताना पाहिलं, काही मुलं घरी परतलीच नाहीत. आपण वाचलो आणि ती नाही, ही गोष्ट त्याच्या मनातून हलेना. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं होतं. कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन धावलेल्या माणसाची हकिकत त्यात होती. या दोन गोष्टींची त्याच्या मनात गाठ पडली. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथून तो निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास, धावायची. मागणी एकच: कॅनडाच्या दर माणसामागे एक डॉलर, कर्करोगाच्या संशोधनासाठी.

तो हाफपँटमध्ये धावला. कृत्रिम पाय सगळ्यांना दिसत होता आणि तो त्याला लपवायचा नव्हता. आपल्या धावण्यावर कोणा कंपनीने जाहिरात करावी हे त्याने मान्य केलं नाही. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. पुढच्या काही महिन्यांत जमा झालेली रक्कम दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या पुढे गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा तेवढीच होती. जून १९८१ मध्ये, वयाची तेवीस वर्षं पुरी होण्याआधी, तो गेला. ज्याच्यावर दया करायची अशी लोकांची सवय होती, त्याने लोकांकडे मागितलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. दयेची दिशाच त्याने फिरवली.

टेरीच्या चाळीस वर्षांनंतर हा विचार आणखी लहान पावलांवर आला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला टोनी नावाचा मुलगा ४१ दिवसांचा असताना जन्मदात्यांच्या मारहाणीत इतका जखमी झाला, की पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. त्याचा जीव वाचवला तो रोथशिल्डच्या त्याच एव्हेलिना रुग्णालयाने. जून २०२० मध्ये, पाच वर्षांचा असताना, नव्या कृत्रिम पायांवर त्याने महिनाभरात दहा किलोमीटर चालायचं ठरवलं. शंभरीला टेकलेले कॅप्टन टॉम मूर निधी जमवण्यासाठी बागेत फेऱ्या मारताना टीव्हीवर दिसले, त्यावरून त्याला हे सुचलं. पाचशे पौंड जमवायचे होते, जमले दहा लाखांहून अधिक. एके काळी एका बॅरनने दिलेल्या रुग्णालयाला आता तिथल्याच एका छोट्या रुग्णाने दिलं.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. टोनीच्या उपचारांचं बिल कोणाच्या हातात पडलं नव्हतं. १९४८ पासून ब्रिटनमध्ये उपचारांचा खर्च करांतून भागतो. त्यामुळे त्याचं देणं पूर्णपणे मोकळं होतं, त्यामागे कसलीही फेड नव्हती. आपल्याकडे चित्र उलटं आहे. मोबाइलवर रोज नळ्या लावलेल्या एखाद्या बाळाचा फोटो येतो. खाली आकडा असतो, मुदत असते, आईबापांची विनवणी असते. पैसा जमतो तो त्याच बाळाच्या बिलासाठी. शेत विकून, व्याजाने पैसे काढून मूल घरी आणलेल्या बापाने आता रुग्णालयासाठी निधी गोळा करावा, असं म्हणणंसुद्धा क्रूर आहे. मुलाची देण्याची ओढ तिथे कमी नसते, तिला फक्त जागा उरत नाही. म्हणून अशा मुलांच्या कौतुकाच्या बातम्या वाचताना मला आधी उपचारांच्या हक्काचा प्रश्न आठवतो. मुलाच्या देणगीवर सरकारी जबाबदारी ढकलली जाऊ नये. आणि मुलाने चालायचं की नाही, फोटो द्यायचा की नाही, हे मुलानेच ठरवावं. बरं झालेलं मूल शाळेत गेलं, खेळलं आणि सगळं विसरलं, तर तेही चांगलंच आहे.

हक्काच्या वाटा आपल्याकडेही आहेत, पण त्या माहीत असाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ओळखीत कोणी दाखल झालं, तर कर्ज काढायला धावण्याआधी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि या खाटांची चौकशी करा. आणि तुमच्या घरातलं मूल मोठ्या दुखण्यातून उठलं असेल, त्याला स्वतःहून काही द्यावंसं वाटत असेल, तर मुंबईतल्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी 'पुअर बॉक्स'चा निधी असतो. त्याच्या खाऊच्या पैशांतले थोडे तिथे जाऊ द्या.