तारण झाले, मग जमीन परत कशाला?

शंका: बाप्तिस्म्याच्या आधी मी धाकट्या भावाला फसवून त्याच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर करून घेतली. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, "ख्रिस्ताने सगळे ऋण फेडले. तुमचे तारण झाले, मागचे उकरू नका." दुसरे म्हणतात, "जमीन परत करेपर्यंत तारण अपुरेच." कोणाचे मानू?

समाधान: जमीन परत करा. हे आधी सांगतो, कारण तारणाचा खल संपेपर्यंत भावाने का थांबावे?

आता तारणाबद्दल. इफिसकरांना लिहिताना पौल कृपेने तारण झालेच आहे, असे सांगतो. करिंथकरांना लिहिताना ते चालू असल्यासारखे बोलतो, तर रोमकरांना ते आता पूर्वीपेक्षा जवळ आले आहे, असे कळवतो. तिन्ही खरे आहे. देवाने आपल्याला स्वीकारले, हे काम वधस्तंभावर पुरे झाले. त्यात तुमच्या जमिनीने कणभरही भर पडणार नाही. पण स्वीकारलेला माणूस आतून बदलत जातो आणि ते काम मरेपर्यंत चालते.

यरीहोच्या जक्कयाचे पाहा. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला, तेव्हा त्या मुख्य जकातदाराने एक पैसाही परत केलेला नव्हता. येशू पापी माणसाच्या घरी उतरतो, म्हणून लोक कुरकुरले. मग जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देण्याचे कबूल केले, आणि त्या घराला आज तारण लाभले, असे येशू म्हणाला. जक्कयाने तारण विकत घेतले नाही. दुसऱ्याचा पैसा घरात ठेवणे त्याला आता जमेना, इतकेच.

तारण कृपेने की सत्कृत्यांनी, यावरून चर्चमध्ये फार कडवे वाद झाले. १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेने धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या याविषयीच्या शिकवणीचा निषेध केला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव स्वीकारतो तो कृपेने, आपल्या गुणांमुळे नव्हे, आणि सत्कृत्ये त्या कृपेची फळे. मला हे मनापासून पटते.

बाप्तिस्म्याच्या तारखेला सगळे उरकले, असे मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचे आत्मकथन वाचावे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला; पण तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. तो त्यांना काही वर्षांनी गवसला.

भाऊ कदाचित क्षमा करणार नाही. त्याने तुमचे तारण उणे होत नाही, तरी जमीन द्याच. "मी आता विश्वासणारा झालो" अशी प्रस्तावना नको. "मी तुला फसवले" एवढे म्हणा. तोंडी बोलीवर न थांबता नोंदणीकृत दस्त करा आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा करा. मधल्या वर्षांचे पीक तुम्ही खाल्ले, त्याचाही हिशेब त्याच्यापुढे ठेवा.