घर कोणाचे?

ठाण्यातील एका नव्या सदनिकेला आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो असता एका वृद्ध मातेने विचारले, "फादर, जुने घर विकले, हे चुकले का हो आमचे?" त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही.

१८५३ साली बोरीबंदरहून आगगाडी ठाण्यास आली. त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आपल्या समाजाची लाकडी घरे आज ठाण्यात विरळाच. ती पाहावयाची तर मुंबईत, गिरगावच्या खोताच्या वाडीत जावे. दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थांनी तेथील जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या. 'ईस्ट इंडियन' हे नावही आपल्या पूर्वजांनी १८८७ साली, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, संघटना स्थापून मिरविले.

ह्या घरांचा सांगाडा लाकडी, छप्पर उतरते व कौलारू. पुढे उघडा व्हरांडा, आणि माडीवर जाणारा जिना बाहेरून. व्हरांड्यामुळे ऊनपाऊस दारापर्यंत येत नाही, पण शेजारी मात्र न बोलावता येऊन बसतो. बाहेरच्या जिन्यामुळे माडीवर दुसरा संसार सुखाने नांदू शकतो; खालच्यांच्या स्वयंपाकघरातून त्याला जावे लागत नाही. आपल्याच जागेतला थोडा भाग दुसऱ्यासाठी सोडावा, ही नीती त्या सुतारकामातच बसविलेली आहे.

तरीही घर विकणाऱ्यास दोष देण्यास आमचे मन धजत नाही. वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. पाहुणे छायाचित्रे काढून जातात. गळक्या कौलांखाली बादली ठेवतो तो वारसच. ज्यांना वारसा प्रिय आहे, त्यांनी त्याचा भारही उचलावयास हवा.

वारस हा घराचा कारभारी, धनी नव्हे. पण कारभाऱ्याने हिशेब द्यावयाचा तो केवळ लाकडाचा नाही. करारावर सही करण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावे: बहिणीचा वाटा दिला का? माडीवरचा भाडेकरू कोठे जाईल? आई कोठे बसेल?

निघताना आम्ही पाहिले, त्या मातेने दाराबाहेरच्या अरुंद वाटेत एक खुर्ची मांडली होती. समोरच्या सदनिकेतील दार बंद होते. मुलगा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? आत ये."

तिच्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. आजी, घर गेले ह्यात तुमचे पाप नाही. ती खुर्ची मात्र आत घेऊ नका.