एकाच पिठाचे

ऐन दिवाळीत रसायनशास्त्राचा विषय काढणे म्हणजे रसभंग, असे कुणी म्हणेल. पण मला विचाराल, तर फराळाचे ताट हे रसायनशास्त्राचेच ताट आहे. करंजीच्या पारीत पिष्ट, तळणीत स्निग्ध, बेसनात प्रथिने, पाकात साखर. यांत पाणी, थोडे क्षार आणि आनुवंशिकतेचा मजकूर सांभाळणारी न्यूक्लिक आम्ले मिळवली, की सजीव पेशीचे बहुतेक सामान जमले. त्यातही पेशीचे सुमारे ७० टक्के वजन नुसत्या पाण्याचे! तुळशीच्या पानाला, मुंगीला आणि आपल्याला सृष्टीने एकाच कोठीतून शिधा दिला आहे.

ही गोष्ट माणसाला सुखासुखी पटली नाही. सजीवांच्या शरीरातली द्रव्ये प्राणशक्तीवाचून बनत नाहीत, असा अनेक विद्वानांचा समज होता. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने मूत्रातला युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजाला पहिला तडा गेला. १९५३ साली शिकागोच्या स्टॅन्ली मिलरने प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणात त्याने विजेच्या ठिणग्या पाडल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यात ॲमिनो आम्ले सापडली. प्रथिने बांधली जातात ती याच विटांनी.

मग माणूस म्हणजे केवळ रसायन काय? माझा आक्षेप त्या ‘केवळ’ या शब्दाला आहे. प्रथिनांची बाराखडी वीसएक ॲमिनो आम्लांची. बाराखडीत अभंगही लिहिता येतो आणि खोटा दस्तऐवजही. अक्षरे मोजून लिहिणाऱ्याची किंमत कळत नाही.

तरी अक्षरे सारखी आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. इन्शुलिनचेच पाहा. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरने १९५०च्या दशकात त्याची मांडणी उलगडली. माणसाच्या इन्शुलिनमध्ये ५१ ॲमिनो आम्ले असतात. डुकराचे इन्शुलिन त्याहून एकाच जागी वेगळे, गाईचे तीन जागी. म्हणूनच या प्राण्यांच्या इन्शुलिनवर कित्येक मधुमेही वर्षानुवर्षे जगले. आज तर जिवाणू आणि यीस्ट यांच्याकडून माणसाचेच इन्शुलिन बनवून घेतात. आपली लिपी त्यांनाही वाचता येते.

माझी एक मावशी अशीच जगली. तिचे सोवळे मोठे कडक. परक्याच्या हातचे पाणीही तिला चालत नसे. डॉक्टरांनी तिला औषध कुठून येते ते स्पष्ट सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माझ्या रक्ताला चालतं ना, डॉक्टर? मग मी कोण नको म्हणणारी?” आणि तिने दंड पुढे केला. त्या उत्तराचे मला आजही कौतुक वाटते. पण आमच्या मोलकरणीचा कानतुटका कप मात्र मोरीच्या कोनाड्यातच राहिला. डुकराचे इन्शुलिन रक्तात चालले. शेजारच्या बाईचे ओठ कपाला चालले नाहीत.

मला वाटते, खरा प्रश्न इथे आहे. आपण सारे एकाच पिठाचे आहोत हे कळले, की माणूस आपोआप दयाळू होईल, अशी पुष्कळांची भाबडी आशा असते. पण लांडगा कोकराला खातो, तोही दोघांचे पीठ एकच असते म्हणून. कोकराच्या प्रथिनांची मोडतोड करून त्यांतूनच लांडग्याला आपले स्नायू बांधता येतात. दोघांचे सामान अगदीच निराळे असते, तर लांडगा उपाशी मेला असता. तेव्हा साम्यातून जिव्हाळा जन्मतो तशी भूकही जन्मते. रसायनशास्त्र दोहोंना सारखेच साक्षी आहे; त्याच्याकडे धर्माज्ञा मागू नये.

ते शास्त्र आपल्याला एवढेच देते, की जुन्या सबबी काढून घेते. ‘तो वेगळ्या रक्ताचा’ असे यापुढे सज्ञान माणसाला म्हणता येणार नाही. सबब गेल्यावर काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. रेणू आपल्या गुणधर्मांनी हलतात, जुळतात, सुटतात. कोनाड्यातला कप फडताळात आपल्या कपांशेजारी नेऊन ठेवायला मात्र कुणाचा तरी हात उठावा लागतो.